उसातला बिबट्या आणि गंगाखेडची टोळी

(हा भाग जसा बोललो तसाच लिहून काढलाय. खोकणं, अडखळणं आणि मध्येच आलेला ट्रॅक्टरचा आवाज तेवढा गाळलाय.)

गंगाखेडहून बोलतोय.

मागच्या आठवड्यात एकच रील मला निदान दहा जणांनी पाठवली. तुमच्याकडंही आली असणार. नदीकाठच्या झाडीतून एक धिप्पाड ठिपकेवालं जनावर दबकत येतं, पाण्यात झेप घेतं आणि मगरीसारख्या एका प्राण्याची मान धरून त्याला काठावर ओढून आणतं. खाली मराठीत लिहिलंय, 'गोदाकाठी बिबट्या, सावध राहा, पुढं पाठवा.'

आधी हे निकालात काढू. तो बिबट्या नाही, तो जॅग्वार आहे. जॅग्वार जंगलात सापडतो तो फक्त अमेरिका खंडात. असले बहुतेक व्हिडिओ ब्राझीलमधल्या पांतानाल नावाच्या पाणथळ भागातले असतात, आणि मगरीसारखं दिसतं ते केमन. दोघांमधला फरक ओळखायचा असेल तर व्हिडिओ थांबवून अंगावरची नक्षी मोठी करून बघा. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांची वर्तुळं असतात आणि ती आतून रिकामी असतात. जॅग्वारची वर्तुळं मोठी, आणि त्यांच्या आत पुन्हा बारके ठिपके. डोकं मोठं, पाय आखूड, एकूण अंगकाठी तालमीतल्या वस्तादाची. बिबट्या त्याच्यापुढं सडपातळ दिसतो.

आता रील खोटी निघाली म्हणून विषय संपत नाही. उलट त्या जॅग्वारमुळंच मला आजच्या विषयाला हात घालता येतोय.

पांतानालमधला नर जॅग्वार शंभर किलोच्या घरात जातो. तोच मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या कोरड्या जंगलात जवळपास निम्म्या वजनाचा भरतो. हा प्राणी खातो काय, तर पांतानालमध्ये केमन आणि कॅपिबारा, कॅपिबारा म्हणजे डुकराएवढा उंदीरच समजा. कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर अंडी घालायला वाळूत चढलेली समुद्री कासवं तो मारतो. आणि ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये मामिरौआ म्हणून एक राखीव जंगल आहे, तिथं दरवर्षी पूर येऊन सगळं रान महिनोन्महिने पाण्याखाली जातं, तर तिथले जॅग्वार तेवढे महिने चक्क झाडांवर राहतात. तिथंच खाणं, तिथंच झोपणं, पिलंसुद्धा तिथंच.

एवढा फरक बघून जुन्या अभ्यासकांनी जॅग्वारच्या आठेक उपजाती पाडल्या होत्या. पुढं कवट्यांची मापं नीट घेतली, डीएनए तपासला, तेव्हा त्या वाटण्या टिकल्या नाहीत. आज जॅग्वार ही सलग एकच जात मानतात. अंग वेगळं, खाणं वेगळं, राहणं वेगळं, पण जात एकच. प्रत्येक ठिकाणच्या जॅग्वारनं त्या ठिकाणचा धडा गिरवलाय एवढंच.

हे डोक्यात ठेवा आणि आता आपल्या बिबट्याकडं या. कारण आपल्या तालुक्यातल्या हजारो माणसांचा त्याच्याशी थेट संबंध येतो, आणि तो गंगाखेडमध्ये येत नाही.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या डोंगरपट्ट्यातली गावं आणि तांडे कसे रिकामे होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, शेळी आणि लेकरं चढतात आणि टोळी निघते. काही टोळ्या सांगली-कोल्हापूरकडं, काही कर्नाटकात, आणि बऱ्याच संगमनेर, राहुरी, जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात. मी आज बोलतोय ते या शेवटच्या पट्ट्याबद्दल. कारण महाराष्ट्रातला सगळ्यात चर्चेतला बिबट्या तिथंच राहतो, आणि तो उसातच राहतो.

बिबट्याची जात जगात किती पसरली आहे बघा. आफ्रिका, अरबस्तान, इराण, भारत, श्रीलंका, जावा, थेट रशियाच्या पूर्व टोकापर्यंत. अभ्यासक त्याच्या आठ उपजाती मानतात. अरबस्तानातला नर जेमतेम तीस किलोचा, इराणातला त्याच्या दुपटी-तिपटीचा. भारतातला बिबट्या मात्र सगळा एका उपजातीत मोडतो. काश्मीरचा असो, कन्याकुमारीचा असो की जुन्नरचा.

या एकाच उपजातीच्या आतही गट आहेत. २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या विष्ठेतून डीएनए काढून देशभरातले नमुने त्यात ताडून पाहिले होते. त्यात चार गट दिसले: पश्चिम घाट, दख्खनचं पठार आणि निमकोरडा पट्टा, शिवालिक, आणि तराई. म्हणजे आपला मराठवाडा दख्खनच्या गटाच्या मुलखात येतो, आणि सह्याद्रीचा गट वेगळा. त्याच अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष असा, की गेल्या १२० ते २०० वर्षांत भारतातला बिबट्या ७५ ते ९० टक्क्यांनी घटला. 'बिबटे लई वाढलेत' असं आपण रोज ऐकतो ना, म्हणून हा आकडा सांगितला. वाढले असतील तर काही ठिकाणी वाढलेत, आणि तेही घटलेल्या आकड्यावरून वाढलेत.

२०२२ च्या मोजणीत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असा अंदाज निघाला. पण ही मोजणी होते मुख्यतः जिथं वाघाचं जंगल आहे तिथं. उसातले बिबटे तिच्यात नीट येतच नाहीत. त्यामुळं कुणी छातीठोक सांगितलं की जुन्नरच्या उसात अमुकच बिबटे आहेत, तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

मग उसातला बिबट्या वेगळा आहे का? तिकडं गेलेली आपली माणसं परत येऊन सांगतात, 'ती जातच निराळी हाय, जंगलातली न्हवंच.' मला विचाराल तर जात निराळी नाही. वागणं निराळं आहे, आणि ते कसं झालं हे समजण्यासारखं आहे.

जुन्नर तालुक्यात धरणं किती आहेत मोजा. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, चिल्हेवाडी. पाणी आलं, कालवे आले, ऊस आला. ऊस वर्षभर, दीड वर्ष उभा राहतो. आत गारवा, दाट झाकण, माणूस शिरत नाही, शेजारी पाटाचं पाणी. बाहेर वस्तीवर कुत्री, कोंबड्या, शेळ्या. सह्याद्रीचं रान तिथून हाकेच्या अंतरावर. बिबट्याला आणखी काय पाहिजे? मादी उसातच वितेय, पिलं उसातच मोठी होतायत, आईबरोबर रात्री वस्तीच्या कडेनं फिरायला शिकतायत. त्या पिलाला तुम्ही जंगल दाखवलंत तरी त्याला ते परकंच वाटणार.

शेजारच्या अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर केलेलं काम जगभर गाजलं. तिथं शेती आणि वस्ती, रानातले हरणं-चितळ नाहीतच. तरी ट्रॅप कॅमेऱ्यांनी हिशेब केला तर १०० चौरस किलोमीटरमागं जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. चांगल्या जंगलात शोभेल असा आकडा हा. मग ते खातात काय? विष्ठा तपासली तर खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांचा फक्त ११. आता गंमत बघा, त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. म्हणजे बिबट्या जे जास्त आहे ते उचलत नाही, जे सोपं आहे ते उचलतो. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रं बाहेर असतं.

काही बिबट्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून त्यांचं फिरणंही पाहिलं गेलं. त्यातल्या काहींचा मुलूख फक्त आठ ते पंधरा चौरस किलोमीटर निघाला, बिबट्यासाठी हा फारच लहान. दिवसा दडून, रात्री फिरती, आणि रात्री घरांपासून पंचवीस मीटरच्याही आत येऊन जाणं. घरातल्यांना पत्ता नाही. हे ऐकून अंगावर काटा येतो, पण उलटं करून बघा. इतक्या रात्री इतक्या जवळून जाऊनही त्यानं माणसाला हात लावलेला नाही. त्या काळात अकोल्यात माणसावर जीवघेणा हल्ला झालेला नव्हता.

मग जुन्नरला माणसं का मेली? हा खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं.

२००१ च्या आधी जुन्नर वनविभागात वर्षाला सरासरी चार हल्ले होत. फेब्रुवारी २००१ पासून पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडायचे असा धडाका सुरू झाला. २९ बिबटे असे हलवले, सरासरी चाळीसेक किलोमीटरवर. हेतू चांगलाच होता, जंगलाचं जनावर जंगलात. झालं काय? हल्ले वर्षाला सरासरी १७ वर गेले. आणि आधी शंभरातल्या १८ हल्ल्यांत माणूस दगावत होता, ते प्रमाण ३६ झालं. दुप्पट.

का झालं असेल? जो बिबट्या आपल्या आठ-दहा चौरस किलोमीटरचा प्रत्येक बांध ओळखतो, कुणाची म्हातारी पहाटे कुठून जाते, कुठलं कुत्रं मोकळं असतं, कुठला दिवा कधी विझतो, त्याला तुम्ही पिंजऱ्यात घालता, तो दात-नखं मोडून घेतो, लोक भोवती आरडाओरडा करतात, आणि मग त्याला अशा ठिकाणी सोडता जिथं आधीच दुसऱ्या बिबट्याचं राज्य आहे. तो घाबरलेला, भुकेला, परत घराकडं निघालेला. वाटेत प्रत्येक गाव अनोळखी. इकडं त्याची रिकामी झालेली जागा नवा, कोवळा बिबट्या येऊन धरतो, त्याला इथले कायदे माहीत नाहीत. दोन्हीकडं गोंधळ. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही बाहेर पकडलेले बिबटे आणून सोडले जात, आणि २००४ च्या जून महिन्यात तिथं एकामागून एक माणसं मारली गेली. तिथं पुढं हे सोडणं थांबलं, लोकांशी बोलणं सुरू झालं, कचरा आणि कुत्री यांकडं लक्ष गेलं, आणि हल्ले बरेच उतरले. आरेच्या भागात नंतरही घटना घडल्या, ते नाकारायचं नाही. पण २०१८ च्या मोजणीत या उद्यानात आणि आसपास ४७ बिबटे दिसले, शंभर चौरस किलोमीटरमागं २६. एवढे बिबटे आणि भोवती अख्खी मुंबई, त्या मानानं बघा.

परत जायच्या ओढीवरून 'आजोबा' आठवतो. सिनेमा पाहिला असेल तुम्ही, उर्मिला मातोंडकरचा, २०१४ चा. तो खऱ्या बिबट्यावरून आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक नर बाहेर काढला, गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. गडी महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या दारात पोचला. मुंबई-आग्रा हायवे ओलांडला, कसारा स्टेशनजवळून गेला, वसईची खाडी पोहून पार केली. एवढ्या वाटेत त्यानं एकाही माणसाला इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदर रस्त्यावर गाडीच्या धडकेत तो मेला.

आजोबा शांत होता म्हणून सगळे शांत असतील असं नाही. तेच तर मी म्हणतोय. राजस्थानात जवाई-बेऱ्याच्या खडकांत बिबटे आणि राबारी मेंढपाळ शेजारी राहतात, हल्ला क्वचित. गढवालच्या डोंगरात मात्र माणसं मारल्याचा इतिहास शंभर वर्षांचा. प्राणी तोच, उपजात तीच. जागा बदलली की त्याचं आणि माणसाचं नातं बदलतं. म्हणून एका ठिकाणचा उपाय उचलून दुसरीकडं टाकता येत नाही, आणि एका ठिकाणचा बिबट्याही नाही.

आता आपल्या टोळीकडं येतो.

जुन्नर-शिरूरचा शेतकरी पंचवीस वर्षं बिबट्याबरोबर राहतोय. त्याचं घर पक्कं, दाराला कडी, गोठ्याला जाळी, अंगणात दिवा. संडास घरात. पोरगं मोटारसायकलवरून शाळेत. बिबट्यानं त्याचं वेळापत्रक पाठ केलंय आणि त्यानं बिबट्याचं. हा एक न लिहिलेला करार आहे म्हणा.

आपली टोळी या करारात कुठंच नाही. ती नोव्हेंबरात येते, कारखान्याच्या थळावर नाहीतर उसाच्या कडेलाच कोप्या उभ्या करते. कोपीला दार म्हणजे गोधडी. तीनला उठून भाकऱ्या, चारला फडात. अंधारात बाया संडासला उसाच्या कडेला जातात. आणि लेकरू? लेकरू बांधावर, झाडाला बांधलेल्या झोळीत, नाहीतर वाढ्यांच्या ढिगाजवळ झोपवलेलं. टोळीबरोबर एक-दोन कुत्री गावाकडून आलेली असतातच. बिबट्याच्या बाजूनं बघा: काल जिथं काही नव्हतं तिथं आज कुत्री, शेळ्या, कोंबड्या आणि जमिनीलगत हलणारं काहीतरी लहान. वाकून बसलेला माणूस आणि लहान मूल यांची उंची बिबट्याच्या नेहमीच्या शिकारीएवढी असते. तो मुद्दाम माणूस शोधत नाही, पण असा घोळ जीव घेतो.

त्यात फड तुटत जातो तसं जनावर मागं सरकत जातं. दहा एकराचा ऊस एक एकरावर आला की रानडुक्कर, कोल्हा, बिबट्या, जे काही आत असेल ते त्या शेवटच्या पट्ट्यात कोंडतं. अनुभवी कोयतेवाल्याला हे माहीत असतं. नव्या पोराला नसतं. शेवटचा पट्टा तोडताना एका बाजूनं मोकळी वाट सोडायची, चारी बाजूंनी घेरायचं नाही, आणि लेकरं त्या वेळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवायची.

बछडे सापडतात तेही याच दिवसांत. मांजराच्या पिलासारखे गोजिरवाणे, डोळे धड उघडलेले नसतात. आणि आपला पहिला हात खिशातल्या मोबाइलकडं जातो. इथं जरा कडक बोलतो, राग मानू नका. त्यांना उचलू नका, सेल्फी नको, कोपीत आणून दूध पाजणं तर अजिबात नको. आई जवळच असते, आणि पिलं हलवली तर ती रात्रभर शोधत फिरते. त्या रात्री कोप्या तिच्या वाटेवर असतात. तेवढ्या भागातली तोड थांबवायची, वनखात्याला कळवायचं. जुन्नर भागात वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं हे काम करतात. संध्याकाळी पिलं क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात, लांबून कॅमेरा लावतात, आणि मादी येऊन एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. असे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. बघा, जॅग्वारच्या रीलपेक्षा भारी आहेत.

मुकादमाशी बोलायची हिंमत मात्र करा. फड बंद ठेवला की टनामागं पैसे बुडतात, हे खरं आहे. म्हणूनच लोक पिलू गुपचूप बाजूला ठेवून तोड चालू ठेवतात. याचा बोजा एकट्या मजुरावर टाकणं मला पटत नाही. कारखान्यानं तेवढ्या वेळापुरता दुसरा फड द्यावा. आणि कोप्यांच्या जागेवर दिवा, पाणी, संडास, पोरांसाठी एक बंद खोली एवढं तरी असावं. साखरशाळा ही शिक्षणाची गोष्ट आहेच, पण बिबट्याच्या पट्ट्यात ती जीव वाचवायचीही गोष्ट आहे. आई-बाप फडात असताना पोर चार भिंतींत असलं तर निम्मी काळजी मिटली.

बाकी रोजची काळजी सांगतो, साधीच आहे. अंधारात एकट्यानं जाऊ नका, आणि गेलात तर मोबाइलवर मोठ्यानं गाणं लावा. हसू नका, खरंच उपयोग होतो. बिबट्याला माणसाशी अचानक गाठ पडलेली नको असते, आवाज आला की तो बाजूला होतो. बॅटरी हवीच. लेकरू दोन मोठ्या माणसांच्या मध्ये झोपवा, कोपीच्या कडेला नको. कुत्रं कोपीच्या तोंडाशी बांधू नका, त्याच्यासाठी बिबट्या तुमच्या अंथरुणापर्यंत येईल. शिळं अन्न, कोंबडीची घाण जवळ टाकू नका, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागं तो. दिसलाच तर पळू नका, वाकू नका, लहान पोराला पटकन उचलून घ्या, हात वर करून मोठं दिसा, आवाज करा, हळूहळू मागं सरका. आणि गर्दी जमवू नका. दिवसाढवळ्या चारी बाजूंनी घेरलेला बिबट्या समोर येईल त्याच्या अंगावरून वाट काढतो. अशा गोंधळात जखमी होणारे बहुतेक बघे असतात.

वनखात्याचा फोन १९२६, फुकट आहे, हॅलो फॉरेस्ट. गावाचं नाव, गट नंबर किंवा निदान कुणाच्या शेतात आहात ते विचारून ठेवा. परमुलखात आपल्याला नेमकी जागाच सांगता येत नाही, तिथं वेळ जातो. लोकेशन पाठवायला शिका, आईला-बापाला शिकवा. तुमच्यापैकी कितीतरी जण इथं गंगाखेडला राहून शिकताय आणि आई-बाप तिकडं फडात आहेत, मला माहिती आहे. हा भाग त्यांना पाठवा, ऐकतील. माणूस दगावला तर सरकारची वारसांना २५ लाखांची मदत आहे, पण पंचनामा आणि कागद लागतात. परजिल्ह्यातला मजूर म्हणून कुणी टोलवलं तर टोलवून घेऊ नका.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या बातम्या तुम्ही पाहिल्या. काही दिवसांच्या अंतरानं माणसं गेली, त्यात लहान लेकरं. लोकांनी रस्ता अडवला. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या बाया आपण मोबाइलवर बघितल्या. त्या लोकांना 'बिबट्याबरोबर राहायला शिका' असं लांबून सांगायची माझी छाती नाही. माणूस मारायला सोकावलेला बिबट्या पकडावा लागतो, कधी मारावाही लागतो. आपल्या मराठवाड्यातच बघा, २०२० च्या नोव्हेंबरात बीडच्या आष्टी तालुक्यात एका बिबट्यानं माणसं मारली, तो पुढं सोलापूरच्या करमाळा तालुक्यात गेला, तिथंही मारली, आणि १८ डिसेंबरला त्याला गोळी घातली गेली. तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण एक सोकावला म्हणून पन्नास पकडायचे आणि कुठंतरी सोडायचे, हा उपाय २००१ मध्ये करून झालाय. तेव्हा ज्यांची माणसं गेली त्यांनी त्याची किंमत मोजली. आता नसबंदीचा प्रयोग करायचं चाललंय, काही बिबटे दुसरीकडं पाठवायची चर्चा आहे. बंद जागेत ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी. पण दुसऱ्या जिल्ह्याच्या जंगलात सोडणार असाल, तर ज्याच्या गावाजवळ सोडणार त्याला आधी विचारा.

बऱ्याच जणांनी विचारलंय, आपल्या गोदाकाठीही ऊस वाढलाय, कारखाने वाढलेत, मग गंगाखेडचं जुन्नर होणार का?

माझा अंदाज, लगेच नाही. जुन्नरला उसाला लागून सह्याद्रीचं रान आहे आणि पाणी कायमचं आहे. आपल्याकडं धारासूरपासून पुढं नदीच्या कडेनं ऊस दिसतो, पण जरा वर सरकलं की कापूस, सोयाबीन, तूर. बिबट्याला वर्षभर दडायला पुरेल असं ते पीक नाही. दुष्काळात तर ऊसच नाहीसा होतो. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष आठवा. त्यामुळं इथं बिबट्या आला तर तो बहुधा नदीच्या झाडीनं किंवा बालाघाटच्या डोंगरानं जाणारा वाटसरू असेल. मोठी जनावरं लांबवर चालतात, हे आपण वाघांच्या बाबतीत पाहिलंय. यवतमाळच्या टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला 'वॉकर' वाघ विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाच्या हद्दीतून फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाटात वाघाचा फोटो मिळाला. कुणाला काही न करता शेकडो किलोमीटर चालणारी जनावरं ही. वाटसरूला वाट द्यायची असते. त्याच्यामागं दोनशे मोटारसायकली लावल्या तर तो कुणाच्या तरी घरात शिरणारच.

आणि 'बिबट्या दिसला' म्हणून फोन येतो तेव्हा आपल्याकडं बरेचदा तरस किंवा रानमांजर असतं. पायाचा ठसा बघा. मांजराच्या जातीचं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं, म्हणून बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात उमटतात. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून सरळ वरून फोटो काढा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो, आणि तो फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी वनरक्षकाला पाठवा.

पुढच्या भागासाठी टोळीतल्या लोकांचे आवाज पाहिजेत मला. तुमच्या घरातलं कुणी जुन्नर, संगमनेर, राहुरीकडं तोडीला गेलं असेल, तर बिबट्याबद्दल त्यांना काय दिसलं, काय ऐकू आलं, कोपी कशी बांधली, ते त्यांच्याच बोलीत दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये रेकॉर्ड करा. नाव सांगायची गरज नाही, तालुका तेवढा सांगा.